रविशंकर ऐकवायचे असतील तर

नागपुरात सतारवादक रविशंकरांच्या ध्वनिमुद्रणांची घरगुती श्रवणसभा उन्हाळ्यात भरवायची असेल, तर ती रात्री नऊनंतर गच्चीवर ठेवावी, कारण खोलीतल्या कूलरच्या घरघरीत सतारीचा खर्ज, म्हणजे खालचे गंभीर सूर, पार बुडून जातो. त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे: जन्म १९२०, वाराणसी, तालीम मैहरला अलाउद्दीन खाँसाहेबांकडे. मुख्य आरंभ चारुकेशीच्या आलापाने करावा, कारण हा दक्षिणेकडील कर्नाटक संगीतातला राग उत्तरेकडील हिंदुस्थानी पद्धतीत रुजवण्यात रविशंकरांचा मोठा वाटा आहे आणि दोन संगीतपद्धतींना जोडणारा पहिला पूल त्यांनी देशातच बांधला, हे त्यातून उमगते. मग पाश्चात्त्य व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्यासह वाजवलेली, १९६७ साली प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रिका लावून व्हायोलिनवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, कशी उतरते, तिकडे लक्ष वेधावे. १९७१च्या न्यूयॉर्कमधील बांगलादेश मदत-मैफलीत श्रोत्यांनी वादनापूर्वी वाद्ये नुसती सुरात लावण्यालाच टाळ्या दिल्या होत्या. तो भाग मात्र गाळू नये.