आंबट बिअर आणि बादलीची तोटी

न्यू जर्सीत भाड्याच्या घराला तळघर मिळालं आणि बिअर करायचा नाद लागला. पहिली बॅच झकास. दुसरी आणि तिसरी आंबट, वर पांढरट साय धरलेली.

मी सगळा दोष यीस्टला दिला. अर्धं वापरलेलं 11 ग्रॅमचं पाकीट रबर लावून ओट्यावर ठेवलं होतं, म्हणजे संशय अगदीच खोटा नव्हता. हवा आणि ओल लागली की सुकं यीस्ट मरायला लागतं. मग बिअर उशिरा फसफसते आणि तेवढ्यात दुसरे जंतू हातपाय पसरतात. पण हे जंतू आले कुठून?

बिअर आंबवायच्या बादलीच्या तोटीतून. पाना लावून सोडवली तर आट्यांमध्ये तपकिरी लगदा, वास शिळ्या ताकाचा! बादली घासायचो, तोटीतून नुसतं पाणी सोडायचो.

आता तोटी दरवेळी सुटी करतो, गरम पाण्यात क्लीनर घालून भिजवतो, ब्रश मारतो. मगच स्टार सॅन हे जंतुनाशक, लिटरला दीड मिली. घाणीवर जंतुनाशक ओतून उपयोग नसतो. स्टार सॅनचा फेस धुवायचा नसतो. व्हिडिओ कॉलवर ते बघून आईने मात्र डोक्याला हात लावला.

यीस्टचं पाकीट फ्रिजमध्येच. उघडलेलं असेल तर हवा काढून घट्ट बंद, आणि आठवड्यात संपवायचं. चांगल्या बॅचच्या तळाचा यीस्टचा गाळ उकळून घेतलेल्या बरणीत ठेवतो, झाकण सैल, कारण वायू सुटत राहतो. दोन आठवड्यांत वापरतो. आंबट बॅचचा गाळ सरळ फेकून दिला.