चलानात चूक सापडली, आता काय?

चलानावर नावाचं स्पेलिंग चुकलंय किंवा गाडीचा रंग भलताच लिहिलाय, म्हणून चलान आपोआप रद्द होत नाही. अशा किरकोळ चुका बहुतेक ठिकाणी दुरुस्त करून प्रकरण पुढे चालवलं जातं. नुसत्या त्या भरवशावर लढायला जाऊ नका.

खरं वजन असतं ते गाडीचा नंबर, तारीख-वेळ, ठिकाण आणि लावलेलं कलम यांतल्या चुकीला. त्यातही नंबर. एका आकड्याच्या फरकानं दुसऱ्याच्याच गाडीचा दंड तुमच्या नावावर येतो. चलानासोबत फोटो असेल तर आधी तो मोठा करून नंबरप्लेट, गाडीचं मॉडेल नीट बघा आणि नोंदणीच्या कागदांशी ताडा. वेळ चुकली असेल, तर त्या वेळी गाडी दुसरीकडे होती हे दाखवणारी पार्किंगची किंवा टोलची पावती शोधा.

चलानावर स्वतःच्या पेनानं काही सुधारू नका. तक्रार लेखी द्या, पुराव्यांच्या प्रती जोडा, पोच घ्या. आणि ‘आधी भरून टाकू, मग बघू’ हा सल्ला ऐकू नका. दंड भरणं म्हणजे अनेक ठिकाणी गुन्हा कबूल करणंच धरलं जातं. मात्र हरकतीची मुदत चुकवू नका.