व्होल्टेज उतरलं की रॉडचं पाणी का तापेना?

तासगाव भागात बागांचे पंप एकदम सुरू झाले की घरातला दिवा मिणमिणतो आणि बादलीतला रॉड नुसता बसून राहतो. तो किती मंदावला, हे व्होल्टेज आणि करंट या दोन आकड्यांवरून कळतं.

230 व्होल्टला रॉड 6.5 अँपिअर घेत असेल, तर व्होल्टला अँपिअरनं भागा: रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, सुमारे 35 ओहम. दोन्हींचा गुणाकार केला की पॉवर सुमारे 1500 वॅट. आता व्होल्टेज 180 वर आलं. रोध जवळपास तोच, म्हणून करंट 5.1 अँपिअर आणि पॉवर फक्त 920 वॅटच्या आसपास. व्होल्टेज बावीस टक्क्यांनी घटलं, पण उष्णता जवळपास चाळीस टक्के गेली! व्होल्टेज आणि करंट दोन्ही एकदम घटतात ना.

करंट मोजायला टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा बसणारा मीटर, लावताना एकाच वायरीभोवती लावा. अख्ख्या केबलीभोवती लावला तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात, शून्यच दिसणार. आमच्याकडं यावरून मीटर नादुरुस्त ठरवून झालाय.

हे गणित विहिरीवरच्या मोटारीला मात्र लावू नका. तिथं पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरमधला किती भाग खरी पॉवर, तो आकडा) मध्ये येतो, आणि भार ओढताना व्होल्टेज उतरलं तर करंट उलट वाढतो. वाइंडिंग, म्हणजे मोटारीतलं तारेचं वेटोळं, जळतं ते बऱ्याचदा त्यामुळंच.