'पोर्ता' कुठे तोडायची? पोर्तुगीज सीलाबा शिकवण्याची माझी रीत

नववीच्या मुलांना पोर्तुगीज शिकवायला लागले, तेव्हा पहिले तीन आठवडे मी त्यांच्याकडून नुसती बाराखडी घोकून घेतली. बा, बे, बी, बो, बू. ता, ते, ती, तो, तू. आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात हा सूर जुनाच. बाबांनी १९५९ साली सेगुंद ग्रावची, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेची, परीक्षा दिली होती, आणि माडांना पाणी लावताना अजूनही त्यांच्या तोंडून मधूनच 'बे-आ-बा, बे-ए-बे, बे-ई-बी' निघतं. आपलं 'क ला काना का, क ला वेलांटी कि' जसं, तसंच. चुकलं तर तळहातावर पालमातोर, म्हणजे लाकडी फळीचा फटका, बसायचा, हेही ते न चुकता सांगतात. पालमातोर सोडून बाकी सगळं मी तसंच उचललं.

मग चाचणी घेतली. शब्दाच्या सीलाबा पाडा, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे त्याचे तुकडे करा, असा साधा प्रश्न. शब्द 'पोर्ता', म्हणजे दार. अर्ध्याहून जास्त वर्गाने लिहिलं: पो-र्ता. बरोबर उत्तर पोर्-ता. 'कार्ता'चंही तेच, 'पास्ता'चंही तेच. मुलं हुशार होती, घोकंपट्टी पाठ होती, तरी सगळी एकाच जागी घसरली होती. चूक माझी होती. मी त्यांना अक्षर शिकवलं होतं, सीलाबा शिकवलीच नव्हती.

पुढे वाचण्याआधी एक लक्षात ठेवा. शब्द मी इथे लिहिलेत तसे, म्हणजे स्पेलिंगप्रमाणे मांडते आहे. लिस्बनचा माणूस यातले निम्मे स्वर गिळतो. त्याच्याकडे नंतर येऊ.

आपण 'पोर्ता' देवनागरीत लिहितो तेव्हा रफार जाऊन बसतो 'ता'च्या डोक्यावर. डोळ्यांना वाटतं, र हा ता चाच. कानाला विचारलं तर तो मागच्या 'पो'ला टेकलेला असतो. हे मुलांना पटवायला पोर्तुगीज व्याकरणाचं पुस्तक लागत नाही, मराठीच्या तासाला शिकलेलं लघु-गुरू पुरतं. जोडाक्षराच्या मागचं ऱ्हस्व अक्षर गुरू का धरतात? 'पुस्तक'मधला पु गुरू का? कारण अर्धा स् त्याच्या अंगावर रेलतो. पुस्-तक. मुलं मात्रा मोजायला कंटाळतात, पण इथे त्यांना पहिल्यांदा त्याचा उपयोग दिसतो. आता मी पोर्तुगीजचा पहिला तास फळ्यावर 'पुस्तक' लिहूनच सुरू करते.

त्यानंतर लगेच दुसरं टोक दाखवायचं, नाहीतर मुलं नवा नियम सगळीकडे ठोकतात. 'पाद्रे' घ्या. आपण पाद्री म्हणताना पाद्-री असं तोडतो. पोर्तुगीजमध्ये पा-द्रे. 'लिव्रो', म्हणजे पुस्तक, लि-व्रो. पी, बी, टी, डी, सी, जी, एफ, व्ही यांच्यापैकी कोणाच्याही लगेच पुढे आर आला, किंवा यांतल्या बहुतेकांच्या पुढे एल आला, तर ती जोडी सहसा फुटत नाही आणि पुढच्या सीलाबात एकत्र जाते. बाकीच्या जोड्या मधून तुटतात. इस्-रा-एल, मेल्-रो. तीन व्यंजनं एकत्र आली की आधी शेवटची जोडी बघायची. जोडी या यादीतली असेल तर तिच्या आधी कातरायचं. यासाठी माझा आवडता शब्द 'मेस्त्रे', म्हणजे उस्ताद, गुरू. आपला मेस्त्री त्याच्याच पोटचा. मेस्-त्रे.

अपवाद एकच सांगते, कारण तो प्रश्नपत्रिकेत सतत भेटतो: 'सुब्लिन्यार', अधोरेखित करणे. इथे बी आणि एल शेजारी असूनही सुब्-लि-न्यार असं तुटतं, कारण 'सुब्' हा उपसर्ग उच्चारातही वेगळा राहतो. बाकीचे अपवाद भेटतील तेव्हा बघावेत. पहिल्याच दिवशी अपवादांची यादी देणाऱ्या शिक्षकांबद्दल मला जरा रागच आहे.

जोडाक्षरं उच्चारायला मात्र आपल्या मुलांना काडीचाही त्रास होत नाही. प्र, त्र, क्ल घरचेच. गंमत अशी की पूर्वजांना ते नको होते. 'प्रातो'ची त्यांनी परात केली, 'त्रोंको'चा तुरुंग, आणि कोकणीत 'क्रूश'चा खुरीस. प्रत्येक ठिकाणी जोडीच्या मधे स्वराची पाचर मारलेली आहे. हे वर्गात सांगा. परात आणि तुरुंग हे शब्द पोर्तुगीज आहेत म्हटल्यावर मागच्या बाकावरचीसुद्धा मान वर होते.

आता सुरुवात कुठून करायची? व्यंजनांवरून नाही, स्वरांवरून. शब्द दिला की आधी स्वरांखाली पेन्सिलीने टिंब द्यायचं. प्रत्येक सीलाबात एक स्वर हवाच, स्वराशिवाय सीलाबा नाही. मात्र आय, एय, ओउ, आंउ असे जोडस्वर एकच टिंब घेतात. 'पाउं', म्हणजे आपला पाव, एक टाळी. 'माय' नाकात म्हटलं की आई, तीही एक टाळी. टिंबं मोजा, टाळ्या मोजा, दोन्ही जुळले की मगच मधली व्यंजनं वाटायला घ्या. ही वाटणी शेवटची पायरी आहे. मी ती पहिली करत होते.

घोकंपट्टी मी पूर्ण टाकली नाही, तिची जागा बदलली. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली अंजिकुस गावात शेतमजुरांना अक्षरओळख करून दिली. त्यांच्या पद्धतीत शब्द लोकांच्या रोजच्या जगण्यातून घ्यायचा, तोडायचा, आणि त्याच्या प्रत्येक तुकड्याची बाराखडी एका तक्त्यावर मांडायची. त्यांचं गाजलेलं उदाहरण 'तिजोलो', म्हणजे वीट. ता-ते-ति-तो-तु, जा-जे-जि-जो-जु, ला-ले-लि-लो-लु. मग शिकणाऱ्याने तक्त्यावरचे तुकडे जोडून स्वतः शब्द शोधायचे: लुता, लोजा, तातु.

गोव्यात विटेपेक्षा चिरा जास्त, म्हणून मी 'बाताता' घेते. आपला बटाटा. दोनच ओळींचा तक्ता: बा-बे-बि-बो-बु आणि ता-ते-ति-तो-तु. दहा मिनिटं द्या आणि गप्प बसा. मुलं 'बोता' काढतात, बूट. 'तुबो', नळी. 'बाता', कामावर घालायचा झगा. 'बेबे', पितो. 'बोते', होडी. मधेच 'तोतो', 'बाबा' असलं काहीबाही निघतं, वर्ग हसतो, हसू द्यावं. त्यानंतर 'काजू' आणावा, कारण तिथे सी हे अक्षर दोन तोंडांचं निघतं: आ, ओ, उ समोर क आणि ए, इ समोर स. बाराखडी सरळ रांगेत चालत नाही हे मुलांना इथे पहिल्यांदा कळतं.

आता माझा लाडका भाग. जोडाक्षर नसलेल्या जोड्या. सी-एच, एल-एच, एन-एच. पोर्तुगीजमध्ये एचला 'अगा' म्हणतात आणि तो एकटा असला की मुका: 'ओतेल', 'ओरा'. पण सी, एल, एन यांच्या लगेच पुढे उभा राहिला की त्यांचा आवाज बदलून टाकतो. एल-एच म्हणजे ल्य, एन-एच म्हणजे न्य. ही लिहिण्याची पद्धत पोर्तुगीजांनी तेराव्या शतकात दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान लेखनातून घेतली.

आपली मुलं एच दिसला की महाप्राण लावतात, कारण आपल्याकडे कान्हा आहे, कोल्हा आहे. पणजीतल्या टेकडीच्या पाटीकडे बघा. सगळे 'आल्तिन्हो' म्हणतात. खरं ते आल्-ति-न्यो, छोटी उंच जागा. 'वेल्हा गोवा'चंही तसंच, वे-ल्या, म्हणजे जुना. सगळ्या गोव्याने मिळून केलेली चूक आहे ही, त्यामुळे मुलाला ओरडू नका.

महत्त्वाचं म्हणजे हा ल्य, न्य मागच्या स्वरावर रेलत नाही. 'फिल्यो', मुलगा, हे फि-ल्यो आहे, फिल्-यो नाही. हे कसं समजवायचं? मराठीत याची तयार जोडी आहे. 'आचाऱ्यांना बोलवा' आणि 'आचार्यांना बोलवा'. पहिल्यात स्वयंपाकी येतो, दुसऱ्यात गुरुजी. आचार्यांमधला र मागच्या चा वर आपटतो, आचाऱ्यांमधला हलकेच पुढे सरकतो. फि-ल्यो हा आचाऱ्यांच्या घरचा, पोर्-ता आचार्यांच्या. एवढं एक वाक्य फळ्यावर राहू द्या, सबंध सत्रभर पुसू नका.

सी-एचचा आजचा उच्चार श. 'शावे', किल्ली. पण आपण म्हणतो चावी! आणि सॉसेजला 'शोउरिसो' न म्हणता चोरीस! मुलं विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. ते लोक इथे आले तेव्हा सी-एचचा उच्चार चच होता, पुढे त्यांच्या बोलीत तो श झाला. आपल्या किल्लीने जुना आवाज जपला. डिचोलीचं स्पेलिंग बघा, बिचोलिं. च लिहायला त्यांनी सी-एचच घेतला. श लिहायचा तेव्हा एक्स वापरला, म्हणून शेल्डें गावाची सुरुवात एक्सने.

डबल आर आणि डबल एस यांच्याबद्दल फार बोलत नाही. आवाज एक, पण लिहिताना मधून कापायचं: कार्-रो, पास्-सो. हा हिशोब कानाचा नाही, कागदाचा, असं सांगून पुढे जाते. नमुन्याला पर्रा गाव आणि आसगांव पुरतात.

क्यू-यू आणि जी-यू मात्र गाडी अडवतात. पुढे ए किंवा इ असेल तर यू बहुधा मुका: के, कि, गे, गि. पुढे आ असेल तर बोलतो: 'क्वात्रो', चार. यासाठी दक्षिणेकडची बस पकडा. केपें आणि सांगें, एक क्यू-यू-ईचं, दुसरं जी-यू-ईचं, आणि दोघांच्या शेवटी एम. हा शेवटचा एम ओठ मिटून म्हणायचा नाही, तो नुसता अनुस्वार आहे. देवनागरीत 'केपें' लिहिणाऱ्याला पोर्तुगीज नासिक्य स्वर शिकवावाच लागत नाही. इंग्रजी वळणाने 'क्वेपेम' वाचणाऱ्या पर्यटकाला मात्र शिकवावा लागतो.

पाट्यांचा अजून एक गृहपाठ मी देते, दुरुस्तीचा. आजच्या पाट्यांवरून खुणा गळून पडल्या आहेत. म्हापशाच्या सीखालची शेपटी गेली आणि तिथे एस आला, मडगांवच्या स्पेलिंगमधल्या ए अक्षरावरची लाट गेली. मुलांनी त्या परत लावायच्या आणि मग सीलाबा पाडायच्या: मा-पु-सा, मार्-गाउं. पणजीतला फोंतैन्यास भाग हा यातला सगळ्यात अवघड. मुलं आ आणि इ एकत्र बांधून टाकतात. पण पुढे एन-एच आला की इ वेगळा बसतो: फों-ता-इ-न्यास. 'रा-इ-न्या', राणी, तिचंही तसंच.

आता गिळलेले स्वर. रेकॉर्डिंग ऐकवलंत की टाळ्यांचा हिशोब कोसळतो. 'तेलेफोने' ऐकू येतो 'त्लफोन', आणि मुलं दोन टाळ्या वाजवतात. कागदावर त्या चार. माझा उपाय गावठी आहे. शब्द समोरच्या बाल्कनीतल्या माणसाला ओरडून सांगायचा. ओरडताना कोणी स्वर गिळत नाही, ते-ले-फो-ने चारही बाहेर येतात. आधी ओरडा, मग मोजा, मग लिस्बनसारखं पुटपुटा. वर्ग खालच्या मजल्यावर असेल तर बरं.

डोळ्यांसाठी दोन पेन्सिली ठेवा, एक काळी, एक करडी. पोर्तुगालमध्ये झुआंव द देउश यांच्या १८७६ सालच्या अंकलिपीत सीलाबा अशाच आलटून पालटून गडद आणि फिक्या छापल्या आहेत. मधे रेघा ओढल्या की शब्द मोडका दिसतो आणि मूल अडखळत वाचतं. रंग बदलला तर शब्द अखंड राहतो, सांधाही दिसतो.

सत्राच्या शेवटी मी छापील परिच्छेद देत नाही. घरच्या पेटीतला एखादा जुना पोर्तुगीज कागद आणा म्हणते, जमिनीचा, जन्माचा, काहीही. झेरॉक्स चालते. गोव्यात असा कागद बऱ्याच घरी असतो, आणि वाचता मात्र कोणाला येत नाही. गेल्या वर्षी एका मुलीने पणजोबांचं खरेदीखत आणलं. नावाच्या शेवटी आडनाव होतं, एन-ए-आय-क्यू-यू-ई. तिने टाळ्या वाजवल्या: ना-ई-क्वे, तीन. मग थांबली. आयचं टिंब खोडून तो मागच्या 'ना'ला चिकटवला. क्यूमागचा यू मुका केला. नाय-के, दोन. 'के'मधला शेवटचा स्वर लिस्बनवाल्यासारखा गिळून बघितला आणि माझ्याकडे वळली.

"टीचर, हे तर आम्हीच!"