आधी तिसऱ्या ट्रंपेटचं पान उघडा

शाळेच्या जॅझ बँडसाठी छापील रचना निवडताना एक लक्षात ठेवा. जॅझ बँडचं नोटेशन (स्वरलिपी) छापलं जातं सतरा जणांसाठी: पाच सॅक्सोफोन (दोन ऑल्टो, दोन टेनर, एक बॅरिटोन), चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास, ड्रम. ठाण्यातल्या किंवा वाशी-नेरूळच्या शाळेत सरावाला जमतात ते दोन ऑल्टो, तीन क्लॅरिनेट, दोन ट्रंपेट, जमलंच तर एक ट्रॉम्बोन, चार कीबोर्ड, सहा गिटार आणि एका ड्रमसेटमागे नंबर लावून उभी तीन मुलं. नव्या शिक्षकाची पहिली चूक इथेच होते. तो नमुन्याचं रेकॉर्डिंग ऐकतो, भारावतो आणि संच (त्या रचनेची सगळ्या वाद्यांची पानं) मागवतो. रेकॉर्डिंग व्यावसायिक वादकांचं असतं, त्यामुळे त्यात सोपं काय आणि अवघड काय हे कळतच नाही. आवाज बंद ठेवून स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत) वाचा, ऐकणं नंतर.

मुखपृष्ठावरची ग्रेड (1 सोपी ते 6 अवघड) दिशा दाखवते, पण एका प्रकाशकाची 2 म्हणजे दुसऱ्याची अडीच असू शकते. पहिल्या वर्षाच्या सातवी-आठवीच्या मुलांसाठी 1 ते 2 पुरे. स्कोअरमध्ये पहिल्या ट्रंपेटकडे सगळे बघतात, तुम्ही तिसऱ्याकडे बघा. ते पान कालच वाद्य हातात घेतलेल्या मुलासमोर जाणार असतं. त्यात सलग सोळा मापं (तालाचे खंड) विश्रांती असेल तर मूल मोजणी चुकणार. ताल उलटसुलट असेल तर सगळी रांग घसरणार. पहिल्या ट्रंपेटच्या पानावर एवढंच तपासा: पाच रेषांमधल्या चौथ्या घरातल्या ई-च्या वर किती वेळा जावं लागतं, आणि ते शेवटच्या पानावर तर नाही ना. ओठ तोवर थकलेले असतात. या वयात दातांना तारा असतात, त्या मुलांचं तर आणखी हाल.

पट्टीचा मुद्दा आपल्या मुलांना सारेगममधून पटकन समजतो. ऑल्टोने पानावरचा सी वाजवला की ऐकू येते काळी दोन. ट्रंपेट, टेनर आणि क्लॅरिनेटचा सी म्हणजे काळी पाच. म्हणून फुंकवाद्यांना काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार या पट्ट्या सोयीच्या. गिटारवाल्यांच्या आग्रहाखातर पांढरी तीन घेतलीत, तर ट्रंपेटच्या पानावर सहा शार्प (स्वर चढवायच्या खुणा) येतात आणि ऑल्टोच्या पानावर सात. रचना कितीही गोड असो, असा संच परत ठेवा.

क्लॅरिनेटला ट्रंपेटचं पान जसंच्या तसं देता येतं, दोन्ही एकाच पट्टीची. पण मधल्या रेषांवरचे जी, ए, बी फ्लॅट हे क्लॅरिनेटचे सर्वांत फिके स्वर, आणि त्यानंतरच्या बी-पासून रजिस्टर (स्वरांचा टप्पा) बदलतं. तिसऱ्या ट्रंपेटची ओळ नेमकी इथेच घुटमळते. वरच्या रजिस्टरवर पोचलेल्या मुलांना पहिल्या ट्रंपेटचं पान द्या. न पोचलेल्यांना दुसऱ्या टेनरचं द्या, ऐकू मात्र ते एक सप्तक वर येईल.

खरी गोम ट्रॉम्बोनची. कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाला) रंग देणारे तिसरा आणि सातवा हे स्वर बऱ्याचदा त्या ओळींत दडलेले असतात. ट्रॉम्बोन नाही म्हणून पानं कपाटात ठेवलीत की वर धून आणि खाली बास उरतो, मध्ये पोकळी. त्यासाठी आपल्याकडची कीबोर्डवाली फौज वापरा. ट्रॉम्बोनच्या पानाला पट्टी बदलावी लागत नाही. ऑर्गनच्या आवाजात एकेका मुलाने एकेक ओळ वाजवली की कॉर्ड भरून येते. क्लासला उजव्या हाताने धून आणि डावीकडे मशीनचा ठेका एवढंच शिकलेल्या मुलांना बास क्लेफ (खालच्या स्वरांचं लेखन) येत नाही, तेव्हा ती ओळ ट्रेबल क्लेफमध्ये (वरच्या स्वरांच्या लेखनात) उतरवून द्यावी लागेल. या मेहनतीतून सुटायचं असेल तर फ्लेक्स प्रकारचा संच घ्या. त्यात रचना चार-पाच आवाजांत बांधलेली असते आणि प्रत्येक आवाज निरनिराळ्या वाद्यांसाठी लिहून मिळतो. ढंग थोडा सपाट होतो, पण जागा रिकामी राहत नाही.

ऱ्हिदमच्या (पियानो, गिटार, बास, ड्रम) पानांवर नुसत्या तिरक्या रेघा आणि कॉर्डची नावं असतील तर तो संच अनुभवी वादकांचा. नवशिक्यांना बासची चाल पूर्ण लिहिलेली हवी, गिटारला बोटांच्या आकृत्या हव्यात आणि ड्रमचा ठेका निदान पहिल्या आठ मापांत स्पष्ट हवा. स्विंग (जॅझची झुलती लय) समजवायला तबल्याची मुलं कामी येतात: दादऱ्यातला मधला बोल गाळून ‘धा ऽ ना, धा ऽ ना’ म्हणा. दोन एटथ नोटांतली (अर्ध्या मात्रेच्या स्वरांतली) पहिली दोन भाग घेते, दुसरी एक. वेग मिनिटाला 120 ते 150 मात्रा असू द्या. संथ बॅलड सोपी वाटते, पण लांब श्वास आणि सुरेलपणा तिथेच उघडा पडतो. सोलोचा भाग (एकट्याने, आयत्या वेळी सुचेल तसा वाजवायचा) निवडताना पर्याय म्हणून आधीच लिहून दिलेला सोलो आहे का ते बघा. बारा मापांचा ब्लूज (कॉर्डची तीच चाल पुन्हा पुन्हा फिरणारी रचना) सुरुवातीला उत्तम.

स्नेहसंमेलनात आठ-दहा मिनिटं मिळतात, म्हणजे दोनच रचना. एक स्विंग, एक सरळ चालीची लॅटिन (लॅटिन अमेरिकी ढंगाची). जूनमध्ये पानं हातात पडली तर डिसेंबरपर्यंत होतं.

हक्कांचं भान ठेवा. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्व हक्क राहतो, आणि मूळ धून मोकळी असली तरी नव्या मांडणीचा हक्क वेगळा असतो. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी एवढेच श्रोते असतील तर वादनाला कायद्यात सूट आहे. गडकरी रंगायतनमध्ये तिकीट लावून बाहेरचे प्रेक्षक बोलावलेत तर परवान्याची चौकशी आधी करा.

अमेरिकन पानं 9 बाय 12 इंचांची असतात, झेरॉक्सवाल्याने ए-फोरवर काढली की 92 टक्क्यांवर येतात आणि मागच्या रांगेत दिसेनाशी होतात. सरावाच्या प्रती ए-थ्रीवर काढा. पावसाळ्यात साधा कागद स्टँडवर लोळतो, 100 जीएसएमचा जाड कागद घ्या. मूळ संच कपाटात ठेवा, मुलांच्या प्रतींवर क्रमांक टाका आणि पेन्सिलच वापरायला सांगा.