हायब्रीड कॉनिफर आणि हटके सायप्रस लावताय? या चुका टाळा

सायप्रसचा नाद लागला की माणूस साध्या झाडावर थांबत नाही, मग निळसर पानांचं हवं, लोंबत्या फांद्यांचं हवं, कुणाकडेच नसलेलं हायब्रीड, म्हणजे दोन जातींच्या संकराचं, हवं. नाद चांगलाच आहे. पण या झाडांची वाट बहुतेक वेळा पाण्याने किंवा किडीने नंतर लागत नाही, रोप घेतलं त्याच दिवशी लागलेली असते, कारण आपण आईबाप कोण हे न विचारता नुसत्या लेबलवर विश्वास ठेवतो. कॉनिफरमध्ये, म्हणजे सायप्रससारख्या शंकू धरणाऱ्या झाडांत, झाडाला थंडी किती झेपेल, माती कुठली लागेल, उंची किती होईल हे सगळं आईबापावरूनच कळतं, त्यामुळे पहिला प्रश्न तोच विचारायचा.

लेबलवर हायब्रीड लिहिलंय म्हणून ते हायब्रीड असतंच असं नाही

खरं हायब्रीड कसं निघतं ते आधी बघू. लेलँड सायप्रस सगळ्यांना माहीत आहे. 1888 मध्ये वेल्समधल्या लेटन हॉल इस्टेटवर नूटका सायप्रसच्या शंकूतल्या बियांपासून 6 वेगळीच रोपं निघाली, त्यांचा बाप होता शेजारचा माँटेरे सायप्रस. नंतर 1911 मध्ये तिथेच उलटं झालं, म्हणजे माँटेरे आई आणि नूटका बाप. जंगलात हे होणं जवळपास अशक्य, कारण माँटेरे सायप्रस नैसर्गिकरीत्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फक्त दोन छोट्या जागी उरलाय आणि नूटका तिथून शेकडो किलोमीटर उत्तरेला वाढतो. बागेत दोघं शेजारी आले म्हणून जमलं. त्याच लेटन हॉलमध्ये 1956 साली गोळा केलेल्या बियांतून नोटाबिलिस नावाचं हायब्रीड निघालं, त्यात आई गुळगुळीत सालीचा ॲरिझोना सायप्रस आणि बाप पुन्हा नूटकाच. 1961 साली इंग्लंडमधल्या वेस्टनबर्टच्या बियांतून ओव्हेन्साय निघालं, आई मेक्सिकन सायप्रस आणि बाप परत नूटका. या तिन्हींची जागा माहीत आहे, आईबाप माहीत आहेत, साल माहीत आहे. विक्रेत्याने यातलं काहीच सांगितलं नाही आणि नुसतं दुर्मिळ हायब्रीड म्हणून रोप पुढे केलं तर मला तिथेच शंका येते, तुम्हालाही यायला हवी.

एक सोपी तपासणी गुणसूत्रांची आहे. सायप्रस कुळातल्या बहुतेक झाडांत 22 गुणसूत्रं असतात, पण कोस्ट रेडवुडमध्ये 66 असतात. त्यामुळे कुणी रेडवुड आणि जायंट सिकोया यांचं पिल्लू म्हणून काही विकत असेल तर हिशोबाने त्यात 44 यायला हवीत. मग सरळ विचारायचं की मोजलीत का, आणि उत्तर नाही असेल तर त्या दाव्याला काही किंमत नाही. डीएनए टेस्ट केली असं सांगितलं तरी कुठली केली ते विचारा, कारण कॉनिफरमध्ये क्लोरोप्लास्ट, म्हणजे पानातलं हरितलवक, बापाकडून येतं, म्हणून नुसत्या क्लोरोप्लास्टच्या टेस्टने फक्त बाप कळतो, दोघं कळायला केंद्रकातला डीएनए बघावा लागतो. हे बऱ्याच लोकांच्या लक्षातच येत नाही आणि अर्धवट रिपोर्ट दाखवून रोपं विकली जातात.

आता सगळ्यात भारी प्रकार सांगतो. सहारा सायप्रस, म्हणजे अल्जीरियातल्या तासिली पठारावरचा, जंगलात जेमतेम 230 च्या आसपास झाडं उरलेला. याचे परागकण साध्या भूमध्य सायप्रसच्या शंकूत पडले तर बी तयार होतं, पण त्यातला गर्भ नुसत्या परागकणापासूनच वाढतो आणि आईचा वाटा त्यात येतच नाही, आई फक्त सांभाळते. 2001 मध्ये हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. म्हणजे तुम्ही दोघांचा संकर केला म्हणून खुश व्हाल आणि रोपं निघतील शुद्ध सहारा सायप्रसची! मला यातलं सौंदर्य खूप आवडतं, इतक्या थोड्या उरलेल्या झाडाला दुसऱ्याच जातीच्या झाडावर आपलं बी वाढवता येतं. पण अशा रोपाला हायब्रीड म्हणून लेबल लावणं चूकच.

पहिल्या वर्षाच्या पानांवरून निष्कर्ष काढू नका

सायप्रसच्या बियांपासून आलेल्या रोपाला आधी सुईसारखी मऊ पानं येतात, खवल्यांसारखी पानं नंतर येतात. ते बघून कुणाला वाटतं हे काहीतरी वेगळंच निघालं, जुनिपरशी, म्हणजे याच कुळातल्या टोचऱ्या पानांच्या झाडाशी, संकर झाला असणार. तसं काही नसतं, ते झाडाचं लहानपण असतं. एकोणिसाव्या शतकात तर अशा बालपानांच्या झाडांसाठी रेटिनोस्पोरा नावाची वेगळी प्रजातीच करून टाकली होती, नंतर कळलं की ही बहुतेक खोट्या सायप्रसचीच, म्हणजे कॅमेसायपॅरिसची, रूपं आहेत. व्हिएतनाममध्ये 1999 ला सापडलेल्या गोल्डन सायप्रसच्या तर मोठ्या झाडावरसुद्धा दोन्ही प्रकारची पानं एकत्र दिसतात. खरं काय ते बघायचं तर शंकू येईपर्यंत थांबा. नूटकाचा शंकू साधारण 1 सेंटीमीटरचा, माँटेरेचा अडीच ते 4, आणि लेलँडचा मधला, 2 सेंटीमीटरच्या आसपास.

आणखी एक, ज्या बागेत बरेच सायप्रस शेजारी शेजारी आहेत तिथलं बी कधीच शुद्ध जातीचं म्हणून पेरू नका, ॲरिझोना, मेक्सिकन वगैरे जाती आपसात सहज मिसळतात. लेलँडचं बी मात्र बहुतेक वांझ असतं, त्याचं कटिंगच करावं लागतं. कटिंग घेताना आडव्या लोंबत्या फांदीपेक्षा वरच्या जोमदार फुटव्याचं घ्या, काही कॉनिफरमध्ये आडव्या फांदीचं कटिंग आयुष्यभर आडवंच वाढायला बघतं.

नाव बघून जागा ठरवणं

काश्मीर सायप्रस काश्मीरचा नाही, मूळचा भूतान आणि अरुणाचल प्रदेशचा आहे, ओलसर हवेत वाढणारा. नावावरून बर्फातलं झाड समजून कडक थंडीत लावला तर मरतो. लेमन सायप्रस म्हणून टेबलावर ठेवायला मिळणारं लिंबाच्या वासाचं पिवळसर झाड बुटकं नसतं, तो माँटेरे सायप्रसच आहे, गोल्डक्रेस्ट नावाचा, जमिनीत लावला तर कित्येक मीटर वाढतो, आणि घरात बंद खोलीतल्या कोरड्या हवेत महिन्याभरात सुकतो. त्याला भरपूर उजेड आणि गार मोकळी हवा लागते. थंड धुक्याच्या किनाऱ्यावरून आलाय तो, हे डोक्यात ठेवलं की पुढचं आपोआप कळतं.

लेलँडचं तर विचारूच नका. जोमदार झाड वर्षाला 1 मीटरच्या आसपास वाढतं. शेजाऱ्यांच्या उजेडावरून इतकी भांडणं झाली की इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 च्या कायद्यात उंच कुंपणांबद्दल वेगळा भाग घालावा लागला. छाटायचं तर लहानपणापासून दरवर्षी, हिरव्या भागातच. तपकिरी जुन्या लाकडापर्यंत कापलं तर तिथून परत फुटत नाही, भगदाड कायमचं राहतं.

तपकिरी झालं की लगेच पाणी ओतणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तपकिरी होण्याची कारणं वेगळी वेगळी असतात आणि ती डोळ्यांनी बऱ्यापैकी ओळखता येतात. फक्त आतली, खोडाजवळची जुनी पानं पडत असतील तर ते नेहमीचंच आहे, सोडून द्या. एकच फांदी अचानक वाळली, सालीला चीर आणि त्यातून डिंक गळतोय, तर ते कँकर, सायरिडियम नावाची बुरशी, जी 1920 च्या दशकात कॅलिफोर्नियात माँटेरे सायप्रसवर लक्षात आली. यावर बरं करणारं औषध नाही, फांदी रोगाच्या बरीच खालून निरोगी भागात कापायची, दर कापाला कात्री निर्जंतुक करायची आणि कापलेलं तिथे पडू द्यायचं नाही. खालून आणि आतून तपकिरी पट्टे दिसतायत, फांद्या चिकट आणि त्यावर काळी बुरशी, तर मावा. गंमत अशी की मावा आधी येऊन जातो आणि तपकिरी डाग उशिरा दिसतात, म्हणून डाग दिसल्यावर फवारणी करून बऱ्याचदा काही हाती लागत नाही.

आणि पूर्ण झाड फिकट पडत चाललंय, बुंध्याजवळ साल थोडी खरवडली तर आत पांढुरक्याऐवजी तपकिरी, तर मुळांची कूज, फायटोफ्थोरा. याला पाणी घातलं म्हणजे संपलंच. लॉसन सायप्रस यात सगळ्यात नाजूक, म्हणून तो घ्यायचाच असेल तर रोगाला टिकणाऱ्या खुंटावर कलम केलेला मिळतो का ते बघा. एकदा कूज लागलेल्या जागी परत तोच लावू नका.

ही झाडं मेल्यावरही बरेच दिवस हिरवी दिसतात, म्हणजे आज तपकिरी झालेल्या झाडाचं पाणी कधीतरी मागच्याच महिन्यात तुटलेलं असतं. आज काय केलं ते आठवत बसू नका, मागे जा. जास्त नत्राचं खतही असाच उशिरा त्रास देतं, शेंडा भराभर वाढतो, मुळं मागे पडतात, आणि एका वादळात आख्खं झाड आडवं. कुंडीत गोल गोल फिरलेली मुळं लावताना कापून मोकळी केली नाहीत तरी हेच होतं.

टॅक्सोडियम, म्हणजे बॉल्ड सायप्रस, आणि मेटासिकोया लावणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की ही दोन्ही पानगळीची आहेत. थंडीत लालसर होऊन पूर्ण उघडी पडतात आणि लोक मेली म्हणून उपटून टाकतात. नखाने साल जरा खरवडून बघा, आत हिरवं असेल तर झाड ठीक आहे. उन्हाळ्यात नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं टॅक्सोडियमवर दिसलं तर मातीचा पीएच तपासा, चुनखडीच्या मातीत त्याला लोह घेता येत नाही आणि कितीही खत घातलं तरी ते पिवळं ते पिवळंच राहतं.