केळीच्या यादीचं एक्सेलमध्ये गिचमीड होतं तेव्हा
रावेर-यावलच्या केळी उत्पादकांची यादी पायथॉनने सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या साध्या मजकूर-फाइलीत) काढली आणि डबल-क्लिकवर मराठीचं गिचमीड दिसलं, तरी डेटा शाबूत असतो. फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणारी सुरुवातीची ३ बाइटची बीओएम खूण नसली की एक्सेल फाइल विंडोजच्या जुन्या कोडपेजने, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्याने, वाचतं. म्हणून लिहिताना पायथॉनच्या ओपन फंक्शनमध्ये एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, म्हणजे ही खूण लिहिली जाते. तिथेच न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर विंडोजवर एकाआड एक ओळ कोरी येते.

तीच फाइल पायथॉनने परत वाचतानाही ‘सिग’ हवंच. साध्या यूटीएफ-८ने पहिल्या कॉलमच्या नावाला अदृश्य अक्षर (तीच बीओएम) चिकटतं आणि कीएरर, म्हणजे ‘या नावाचा कॉलम नाही’ असा एरर, येतो. नाव डोळ्यांना बरोबरच दिसतं, म्हणून हा फार छळतो.

दोन ठिकाणचं ‘बऱ्हाणपूर’ दिसायला सारखं, तरी जुळेना? ‘ऱ’ एका कोडचा असतो, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळून दोन कोडांचा. तुलनेआधी दोन्ही बाजू पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझने एनएफसी या एकाच ठरलेल्या रूपात आणा.